देशी फुलझाड निवडताना फूल सगळ्यात शेवटी बघा

नर्सरीत गेलं की आपण सगळेच एक काम करतो, त्या दिवशी जे फुललेलं दिसतंय ते उचलतो. देशी बहुवर्षायू फुलझाडांच्या बाबतीत ही पद्धत अजिबात चालत नाही, कारण यातली बरीचशी झाडं वर्षातून काही आठवडे, फार तर दीड-दोन महिने फुलतात, त्याच्या आधी नुसती पानं असतात आणि नंतर कित्येक झाडं चक्क जमिनीखाली गायब होतात. जूनच्या पहिल्या पावसात वर येणार, श्रावण-भाद्रपदात फुलणार, दिवाळीच्या आसपास पिवळी पडणार आणि मग पुढचे सहा-सात महिने कुंडीत नुसती माती. आता हे ज्याला आधी माहीत नाही तो डिसेंबरमध्ये म्हणणार झाड मेलं, आणि फेकून देणार. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते, की फूल बघून ठरवू नका, त्या झाडाचं अख्खं वर्ष कसं जातं ते विचारा. कधी जागं असतं, कधी झोपतं, रानात कुठे उभं राहतं, त्याची पानं कोण खातं. हे सगळं पटलं तर मग फूल बघा, ते आवडणारच आहे.

देशी म्हणजे कुठलं हे आधी स्पष्ट करते. मी सह्याद्री आणि दख्खनच्या पठारावरची झाडं डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. भारतातलं म्हणजे देशी हा हिशोब फार ढोबळ होतो, देश केवढा मोठा आहे. सोनटक्का घ्या ना, किती जणांच्या बागेत असतो आणि वास तर काय सुंदर, पण तो मूळचा पूर्व हिमालयाकडचा, आणि हाच सोनटक्का हवाई बेटांवर आणि ब्राझीलमध्ये नेऊन लावला तर तिथे ओढ्याकाठी इतका माजला की तिथले लोक तो उपटत बसलेत. एकच झाड एका डोंगरात घरचं असतं आणि दुसरीकडे उपद्रवी होतं.

आणि ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या आपलं समजतो त्यातली किती तरी बाहेरची आहेत. झेंडू मेक्सिकोकडचा, निशिगंध मेक्सिकोचा, गुलबक्षी, कर्दळ आणि देवळाजवळ दिसतो तो पांढरा-पिवळा चाफा हे सगळे अमेरिका खंडातले, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची. यांना उपटून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये, माझ्याकडेही आहेत यातली. पण बाग नव्याने करत असाल किंवा एखादा कोपरा रिकामा असेल तर तिथे जे लावाल ते इथल्या मातीतलं असावं एवढंच म्हणणं.

शंका आली तर तपासायची एक सोपी पद्धत आहे. लंडनच्या क्यू गार्डन्सची 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' म्हणून साइट आहे, फुकट आहे, तिथे झाडाचं शास्त्रीय नाव टाकलं की जगाचा नकाशा येतो, हिरवा रंग म्हणजे तिथलं मूळ आणि जांभळा म्हणजे बाहेरून आणलेलं. नर्सरीवाले दादा 'देशीच आहे हो ताई' म्हणाले की मी तिथेच उभी राहून मोबाइलवर बघते. त्यांना राग येत नाही, उलट आता ते स्वतःच विचारतात काय आलं म्हणून.

आता बहुवर्षायू कुठली. इथे मोठा घोळ होतो, कारण सह्याद्रीची फुलं म्हटलं की डोळ्यासमोर कास येतं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कासही आहे, तेव्हापासून तर फोटोंचा पूरच. पण त्या फोटोत दिसतात ते गुलाबी तेरड्याचे आणि पिवळ्या सोनकीचे गालिचे एकवर्षायू झाडांचे असतात. पावसात उगवलं, फुललं, बी टाकलं, संपलं. पुढच्या वर्षी येतं ते नवीन बी उगवून. बागेत तेच गालिचे करायचे म्हटलं तर दरवर्षी बियांच्या मागे लागावं लागतं. त्याच पठारावर बहुवर्षायू मंडळीही आहेत, फक्त ती गर्दीने फोटोत येत नाहीत. आभाळी बघा, निळी-जांभळी छोटी फुलं, केसराच्या काड्यांना पिसासारखे मऊ केस, सकाळी उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात, आणि खाली मुळांना गाठी असतात त्यावर ती वर्षानुवर्षं जगते. चवर आहे, हळदीच्या कुळातली, ती तर महाराष्ट्राच्या बाजूच्या सह्याद्रीशिवाय दुसरीकडे जवळजवळ मिळतच नाही.

कारवीचं मात्र वेगळंच प्रकरण आहे. तीही बहुवर्षायूच, पण सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी धरून मरून जाते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६, २०२४ असं चक्र लोकांनी बघितलंय. घरच्या बागेसाठी मी कारवी सुचवणार नाही, तिचं सुख डोंगरभर असण्यातच आहे, एकटं झुडूप कुंपणाशी सात वर्षं सांभाळून तो आनंद मिळत नाही.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे रानहळद. पाऊस पडून दहा-पंधरा दिवस झाले की जमिनीतून गुंडाळलेल्या पानाची टोकं वर येतात, मग बघता बघता पानं गुडघ्याच्या वर जातात आणि त्यांच्यामधून दांडा निघतो. त्या दांड्याच्या टोकाला जो गुलाबी-जांभळा तुरा दिसतो ना, ज्याचे सगळे फोटो काढतात, ते फूल नसतंच. ती रंगीत छदं आहेत, म्हणजे पानाचाच एक प्रकार. खरी फुलं त्याच्या खाली, हिरव्या छदांच्या खोबणीत, पिवळीधमक, बोटाच्या पेराएवढी, एका वेळी दोन-चार. वाकून बघितलं तरच दिसतात. वरचा तुरा लांबून दिसावा म्हणून आणि खालचं पिवळं फूल आल्यावर मिळावं म्हणून, अशी ती व्यवस्था. सकाळी सातच्या सुमारास तिथे बसून बघा, निळ्या पट्ट्यांच्या त्या एकट्या फिरणाऱ्या मधमाश्या येतात, आवाज आधी येतो मग माशी दिसते, एकेका खोबणीत डोकं घालून पुढे जाते. एक तुरा दोन-तीन आठवडे टिकतो कारण फुलं टप्प्याटप्प्याने उमलतात.

आणि याच रानहळदीच्या पानावर कधीतरी कडेची घडी पडलेली दिसेल, कुणीतरी पान दुमडून आतून शिवल्यासारखं. उघडून बघितलं तर आत हिरवट अळी असते, ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची. काळपट तपकिरी पंख आणि त्यावर पांढरा ठिपका. हे फुलपाखरू हळद, आलं, सोनटक्का या कुळाच्याच पानांवर अंडी घालतं. पान खाल्लं जातं, भोकं पडतात, कडा कुरतडल्या जातात. बहुतेक लोक इथे फवारणीचा पंप काढतात. मला वाटतं देशी झाड निवडण्यातला खरा मुद्दा हाच आहे, तुम्हाला हे खाल्लेलं पान चालणार आहे का. चालणार नसेल तर मग प्लास्टिकसारखी चकचकीत पानं असलेली परदेशी शोभेची झाडं भरपूर मिळतात, त्यांना इथलं फारसं कुणी तोंड लावत नाही. पण ज्या झाडाला कुणीच तोंड लावत नाही ते झाड बागेत असून इथल्या जिवांच्या काही उपयोगाचं नाही. रानहळदीची चार पानं अळीने खाल्ली म्हणून तिचं काही बिघडत नाही, खाली कंद भरलेला असतो, पुढच्या पावसात दुप्पट येते.

फुलपाखरांची बाग हा शब्द सध्या फार चालतो आणि त्यात अर्धीच गोष्ट सांगितली जाते. मध पिण्यासाठी फुलपाखरू कुठेही जातं, घाणेरीवर जातं, कॉसमॉसवर जातं, त्या दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, आणि घाणेरीने तर आपल्या जंगलांची काय अवस्था केलीय ते सगळे बघतोच. म्हणून 'यावर फुलपाखरं येतात' हा काही देशी असण्याचा पुरावा होत नाही. प्रश्न असा विचारायचा की यावर अंडी कोण घालतं. प्लेन टायगर नावाचं केशरी फुलपाखरू रुईच्या पानावर अंडी घालतं, अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि स्वतःच पक्ष्यांना कडू लागते. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरू आणि तिथल्या मिल्कवीड या चीकवाल्या झाडाची जोडी जगभर गाजली, तशी जोडी आपल्याकडे रस्त्याकडेला उभी असते आणि आपण ती रुई तण म्हणून तोडतो. नर्सरीत मात्र फुलपाखरांसाठी म्हणून हळदीकुंकू विकतात, लाल-पिवळ्या फुलांचं, ते अमेरिका खंडातलं.

बाहेरचं झाड नेहमी नुसतं निरुपयोगीच असतं असंही नाही, कधी ते घातही करतं. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग म्हणून मोठं हिरवं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या तिथल्या अ‍ॅरिस्टोलोकिया जातीच्या वेलीवर वाढतात. बागांमध्ये लोकांनी शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतली त्याच कुळातली वेल लावली, फुलपाखराला ती ओळखीची वाटली, मादी तिच्यावर अंडी घालायला लागली आणि अळ्या ते पान खाऊन मरायला लागल्या. मग तिथल्या लोकांना ती वेल काढून मूळची वेल लावायची मोहीम घ्यावी लागली.

आता कळलावी. हिच्याबद्दल आधी ताकीद, मग कौतुक. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त, त्यात कोल्चिसिन असतं, आणि खाल्लं गेलं तर जीव जाऊ शकतो. घरात रांगणारं बाळ असेल, सगळं तोंडात घालणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर कळलावी लावायची नाही, विषय संपला. मुलं मोठी झाल्यावर लावा, ती कुठे पळून जात नाहीये. ज्यांच्याकडे तशी काळजी नाही त्यांनी मात्र नक्की लावावी, कारण एवढं नाट्य दुसऱ्या कुठल्या वेलीत नाही. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि आधाराला विळखा घालतं, वेगळे तणावे नसतात. कळी खाली मान घालून असते, उमलताना पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, मग लालभडक, आणि एकाच वेलीवर हे सगळे रंग एकाच दिवशी दिसतात. सगळ्यात गंमत मला वाटते ती तिच्या कुक्षीवृंताची, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या दांडीची, तो फुलाच्या मधून सरळ खाली न येता काटकोनात बाजूला वळलेला असतो, पुंकेसरांपासून लांब. तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल दोन्ही हीच, आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत तिचं मूळ क्षेत्र पसरलंय.

कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो आणि कोंब फक्त टोकाला येतो. ते टोक मोडलं की तो फाटा वाया गेला, म्हणून कंद हातात घेताना आणि लावताना फार जपून, आडवा ठेवायचा आणि वर चार-पाच बोटं माती. आधाराला काठी नाहीतर दुसरं झुडूप आधीच जवळ हवं, नंतर काठी खुपसाल तर नेमकी कंदात जाते.

हिच्यावरही एक पाहुणा येतो. काळ्या रंगाची, पांढरे आणि केशरी-लाल ठिपके असलेली अळी, ती लिली मॉथ म्हणून पतंगाची, आणि तिला खाण्यात कळलावी आणि गडांबी कांद्यासारख्या लिलीवर्गातल्याच वनस्पती लागतात. ती बऱ्यापैकी खादाड आहे, छोट्या वेलीची पानं दोन दिवसांत साफ करते. मी काय करते तर वेल लहान असेल तेव्हा अळ्या हाताने उचलून मोठ्या वेलीवर सोडते. औषध मारत नाही.

गडांबी कांद्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्याबद्दल सांगते, कारण ज्यांना निशिगंधासारखं रात्री वास येणारं काहीतरी हवंय त्यांच्यासाठी हा उत्तम. मोठा कांदा जमिनीत, पावसाच्या सुरुवातीलाच जाड दांडा वर येतो आणि त्यावर पांढरी, मधे गुलाबी पट्टा असलेली मोठी कर्ण्यासारखी फुलं. संध्याकाळी उमलतात आणि रात्रभर घमघमतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं रात्री उडणारे लांब सोंडेचे पतंग असतात. फुलं टिकायला कमी, पण एकदा कांदा बसला की हलवू नका, गर्दी झाली की जास्त फुलतो.

सावलीच्या कोपऱ्यासाठी पेव. लोक तिथे कर्दळ लावतात आणि उन्हाअभावी ती फुलत नाही. पेवाला जंगलाच्या कडेची अर्धी सावली आणि ओल आवडते. पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, नुसती पानं बघायला सुद्धा छान वाटतं, टोकाला लाल छदांचा गड्डा तयार होतो आणि त्यातून रोज एखाददुसरं पांढरं, चुरगळलेल्या पातळ कागदासारखं फूल बाहेर येतं. फुलं गळून गेली तरी तो लाल गड्डा पुढे बरेच दिवस राहतो. मोठा होतो, माणसाच्या उंचीएवढा सहज, त्यामुळे बाल्कनीच्या छोट्या कुंडीत नको.

जमिनीवर पसरणारं काही हवं असेल तर सगळीकडे ती अमेरिकन वेडेलिया लावलेली दिसते, पिवळी फुलं, चकचकीत पानं, सोसायट्यांच्या कडेला, दुभाजकांवर, आणि एकदा शिरली की ओढ्यापर्यंत पोचते. तिची आपल्याकडची जवळची बहीण आहे पिवळा माका, तशीच पसरते, तशीच पिवळी फुलं देते, फक्त थोडी ओल मागते आणि अंगावर येत नाही. निळ्या प्लंबॅगोच्या जागी, जो दक्षिण आफ्रिकेतला, आपला पांढऱ्या फुलांचा चित्रक लावता येतो. चित्रकाचं फूल दिसायला साधं, मान्य, पण त्याच्या कळीच्या खालच्या भागावर बारीक चिकट ग्रंथी असतात, हात लावला की बोटाला चिकटतात, बी पिकल्यावर कपड्यांना, मांजराच्या अंगाला चिकटून प्रवास करतं. आणि त्याच कळ्यांवर झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू अंडी घालतं, पंखांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या-तपकिरी रेघा. चित्रक लावला आणि हे आलं नाही असं सहसा होत नाही, दोन-चार कुंड्यांच्या बाल्कनीतही येतं. मुळं मात्र जहाल असतात, लहान मुलांच्या हातात द्यायची नाहीत.

कोरांटी तर मी सगळ्या नवशिक्यांना पहिली सांगते. पिवळी काटेरी, पांढरी, जांभळी, जी मिळेल ती. पाऊस संपल्यावर इतर सगळं थकतं तेव्हा ही सुरू होते, थंडीभर फुलते, पाणी कमी पडलं तरी कुरकुर नाही, छाटली की दाट होते. जूनोनिया गटातल्या पॅन्सी फुलपाखरांच्या काही जाती कोरांटीच्या कुळावरच वाढतात. याच कुळातली अबोली, ती दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडची, म्हणजे काटेकोर बोलायचं तर सह्याद्रीच्या खालच्या टोकाची. अबोलीचं बोंड वाळल्यावर पाण्याचा थेंब पडला की फटकन् फुटतं आणि बिया लांब उडतात. मुलांना दाखवा, वाळलेली बोंडं वाटीत घेऊन वर पाणी शिंपडलं की झालं. पण हे गावरान अबोलीचं. बाजारात ती भरगच्च केशरी दिल्ली अबोली मिळते तिला बीच धरत नाही, ती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली जात आहे, फांद्या लावूनच वाढवतात.

त्यावरून आठवलं, नर्सरीत एखाद्या देशी झाडाची डबल जात दिसली, भरपूर पाकळ्यांची, तर मोह आवरा. त्या जादा पाकळ्या बऱ्याचदा पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात, म्हणजे पराग कमी किंवा नाहीच, आणि मधापर्यंत पोचायची वाटही बंद. दिसायला भरगच्च पण माशी येते, फिरते, निघून जाते. साधं एकेरी फूलच घ्या.

महिन्यांचा हिशोब कागदावर मांडून बघा, मग कळतं कुठे खड्डा आहे. पावसाळ्याची काळजीच नाही, जून ते सप्टेंबर गडांबी, काळी मुसळी (तिची इवली पिवळी चांदणीसारखी फुलं अगदी मातीला टेकलेली असतात), रानहळद, पेव, कळलावी, आभाळी सगळे रांगेत. ऑक्टोबरनंतर शतावरीचा पांढरा बारीक सुगंधी फुलोरा, कोरांटी, चित्रक. खरी अडचण फेब्रुवारी ते मे. तेव्हा कंदवाले सगळे झोपलेले असतात आणि माश्यांना तर रोजच खायला हवं. या काळासाठी एक-दोन झुडपं ठेवायची, धायटी असेल तर जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लाल नळीसारखी फुलं आणि त्यावर शिंजिर पक्षी, रुई तर जवळपास बारा महिने. आणि रानकांदा, तो उलट्या स्वभावाचा, ऐन उन्हाळ्यात पान नसताना नुसता दांडा काढून फुलतो, पानं नंतर पावसात येतात. एका कुंडीत रानकांदा आणि शेजारच्या कुंडीत रानहळद असेल तर एक झोपतो तेव्हा दुसरा फुललेला.

झोपलेल्या कुंडीचं काय करायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पानं पिवळी पडायला लागली की पाणी हळूहळू कमी करायचं, हिरवी असताना पानं कापायची नाहीत, कारण त्याच वेळी पानातलं सगळं कंदात उतरत असतं. पूर्ण वाळली की पाणी बंद, कुंडी पावसात किंवा ठिबकच्या खाली येणार नाही अशी सरकवायची, वर वाळलेला पाला, आणि एक काठी रोवून त्यावर नाव. नाव फार महत्त्वाचं. आमच्या शेजारच्या मावशी दर मार्चमध्ये म्हणतात, 'अगं ती रिकामी कुंडी दे ना मला, मिरच्या लावते', आणि मी दरवेळी सांगते, 'मावशी, ती रिकामी नाहीये, झोपलीय.' आता त्यांच्याकडेही दोन झोपलेल्या कुंड्या आहेत. जमिनीत लावलं असेल तर वरून एखादं उथळ मुळाचं हंगामी काहीतरी चालतं, पण रोज पाणी लागणारं नको, कंद कुजतो. ओल्या मातीत झोपवलेला कंद थंडीने किंवा उन्हाने मरत नाही, कुजून मरतो.

मातीचंही तसंच, झाड रानात कुठे उभं असतं ते बघून ठरवायचं. पठारावरची आभाळी जांभ्या दगडावर साचलेल्या चार बोटं मातीत जगते, तिला भरपूर शेणखत घालून लाड केले तर ती नुसती पानं वाढवून आडवी पडते. तिला मुरूम, बारीक खडी, थोडीशी माती आणि कडक ऊन द्या. पेव, रानहळद, कुसर ही झाडीच्या कडेची, त्यांना पालापाचोळा हवा, कुजलेला, वर दोन-तीन इंच पसरलेला. (कुसर म्हणजे आपल्या सह्याद्रीतली रानजुई, पांढऱ्या सुगंधी फुलांची वेल, कुंपणासाठी माझी पहिली पसंती तीच.) देशावरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं म्हणून कंदवाली झाडं सपाट वाफ्यात न लावता वीतभर उंच गादीवाफ्यावर लावायची. आणि सगळी जमीन पाल्याने झाकून टाकू नका, एखादा उन्हातला कोपरा उघडा ठेवा, जगात मधमाश्यांच्या साधारण २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के जमिनीत बीळ करून राहतात. कोपऱ्यात पेन्सिलीएवढी भोकं दिसली तर ती बुजवायची नाहीत. रानहळदीवर येणारी ती निळ्या पट्ट्यांची माशीसुद्धा जमिनीतच घर करते.

आता मिळवायची कुठून. डोंगरातून उकरून आणायची नाहीत, यावर माझ्याकडे तडजोड नाही. ट्रेकला गेलात, सुंदर फूल दिसलं, एकच तर कंद घेतोय, असं प्रत्येक जण म्हणतो. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर उरल्यात, काहींची तर हाताच्या बोटावर मोजण्याइतकी ठिकाणं. जमिनीवरची ऑर्किड्स ही आमरीच्या कुळातली, त्यांची मुळं मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात, ती बुरशी तुमच्या कुंडीत नसते, म्हणजे तिथून उकरलेलं झाड बहुतेक वेळा इथे मरणारच. ही दोन्ही घरच्या बागेच्या यादीतून सरळ काढून टाका, ती तिथेच जाऊन बघायची. नर्सरीतही विचारा की बियांपासून केलंय का, कंद फोडून केलंय का, आणि उत्तर गुळमुळीत आलं, मुळं कुदळीने कापलेली दिसली, पिशवीतली माती कालची वाटली तर घेऊ नका. आज मागणी केली की उद्या कुणीतरी डोंगरावर पिशवी घेऊन जातो.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून. रानहळदीचे कंद तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंडी फोडतील इतके होतात, एप्रिल-मेमध्ये कुंडी उपडी करून वेगळे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक डोळा हवा. पेव खोडाच्या तुकड्यांवरूनही येतो, तुकडे आडवे टाकायचे. कोरांटी आणि अबोलीच्या काड्या पावसाळ्यात लागतात. चित्रकाच्या बाजूला फुटवे येतातच. पहिल्या वर्षी यातली बरीच जण फक्त पानं दाखवतील, फुलं नाही आली म्हणून खताचा मारा करू नका, खाली मुळं बसतायत, दुसऱ्या-तिसऱ्या पावसात फुलतील. गडांबीची बी मात्र इतर बियांसारखी वाळवून, कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची नसते, ती मांसल असते, पाणी न देता नुसती टेबलावर ठेवली तरी कोंब काढते, त्यामुळे कुणी दिली की त्याच दिवशी ओलसर मातीवर अर्धी टेकवून ठेवायची, पुरायची नाही, आणि फुलायला पुढे काही वर्षं लागतात हे देणाऱ्याने आधीच सांगून टाकायचं.